दिवास्वप्न, असमाधान आणि आपली समीक्षा

मराठी समीक्षेत 'स्वप्नरंजन' हा शब्द जवळजवळ शिवीसारखा वापरला जातो. एखादे पुस्तक स्वप्नरंजनात्मक आहे असे म्हटले की त्याचा निकाल लागला. ना. सी. फडके यांच्या कादंबऱ्यांना हा शब्द लावला गेला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तेथील नायकाला पोटाची चिंता नव्हती आणि नायिकेला पाणी भरायचे नव्हते. परंतु हाच शब्द पुढे कोणतीही शहानिशा न करता दलित तरुणाच्या मनाला लावला जातो, आणि तो लावण्यात आपल्यातलेही पुढे असतात. वेदना, नकार, विद्रोह, बांधिलकी या चार खांबांवर आपण आपल्या समीक्षेचा मांडव उभारला. त्या मांडवात स्वप्नाला बसायला जागा ठेवली नाही. आत्मकथनांतल्या भुकेवर आपण लेखांमागून लेख लिहिले. त्या भुकेल्या पोराने उपाशीपोटी काय कल्पिले, याची नोंद मात्र आपल्याला करावीशी वाटली नाही. कल्पना करणे हे जणू खात्यापित्या घरचे काम!

भाषेपासूनच पाहू. जागेपणी पाहिलेल्या स्वप्नाला मराठीत शब्दांची वाण नाही. मनातले मांडे, मनोरथ, मनोराज्य, हवेतले इमले. आता मांडे कोणाच्या घरी होत होते? रथ कोणाचे, राज्य कोणाचे आणि इमले कोणाचे? ज्यांनी हे शब्द घडविले त्यांनी थट्टेसाठीसुद्धा आपल्याच घरातली वस्तू हाताशी घेतली. ज्याच्या मनात मांडे नव्हते, फक्त एक अख्खी भाकरी होती आणि ती कोणाशी वाटून घ्यायची नव्हती, त्याच्या त्या कल्पनेला नाव द्यावे असे कोणाला सुचले नाही.

दिवास्वप्नाची जी गोष्ट आपल्याला शाळेत सांगितली जाते ती पंचतंत्राच्या पाचव्या तंत्रातली आहे. स्वभावकृपण नावाचा एक भिक्षेकरी ब्राह्मण सातूच्या पिठाचे मडके खुंटीला टांगून त्याखाली खाटेवर पडला आहे. दुष्काळ पडेल, पीठ विकले जाईल, त्या पैशातून शेळ्या येतील, शेळ्यांवरून गाई, म्हशी, घोड्या, मग सोने, मग वाडा, मग बायको, मग सोमशर्मा नावाचा मुलगा. मुलगा घोड्यांच्या पायांशी रांगत येतो, बायको कामात आहे, हाक ऐकत नाही. म्हणून हा तिला लाथ मारतो. लाथ खऱ्या मडक्याला लागते आणि तो पिठाने पांढरा होतो. तात्पर्य : हवेत इमले बांधू नयेत. पिढ्यान्‌पिढ्या मुले हे तात्पर्य पाठ करीत आली. पण त्या स्वप्नाकडे कोणी नीट पाहिले आहे काय? भीक मागून जगणाऱ्या माणसाला स्वप्नात पोटभर मिळाले, वाडा मिळाला, आणि सर्व मिळाल्यावर त्याला सुचले ते काय, तर लाथ. शिवाय स्वप्नाची सुरुवातच इतरांच्या दुष्काळापासून होते. त्याचे असमाधान आपले मडके रिकामे असल्याबद्दल होते. मडकी रिकामी ठेवणाऱ्या व्यवस्थेबद्दल त्याची काही तक्रार नव्हती. शिडी तशीच हवी, फक्त आपण वरच्या पायरीवर हवे.

याच्या शेजारी दुसरे स्वप्न ठेवतो. बनारसचे संत रविदास, चर्मकार. गुरू ग्रंथ साहिबात त्यांचे बेगमपुऱ्याचे पद आहे. बेगमपुरा म्हणजे जेथे दुःख नाही असे शहर. तेथे कर नाही, भीती नाही, दुसरी-तिसरी श्रेणी नाही. लोक हवे तेथे फिरतात, त्यांना कोणी अडवीत नाही. आणि या शहराचा जो रहिवासी तो माझा मित्र. गेल ऑम्व्हेट यांनी जातिविरोधी विचारवंतांवरील आपल्या २००८ सालच्या इंग्रजी ग्रंथाला याच शहराचे नाव दिले ते विचारपूर्वकच. हेही दिवास्वप्नच आहे. पण त्यातली यादी वाचा. कर नसावा हे ज्याने कर भरला त्यालाच सुचते. हवे तेथे फिरता यावे हे ज्याला वाटेत हटकले गेले त्यालाच सुचते. इतिहासकाराजवळ त्या काळच्या बनारसचा दुसरा एकही कागद नसता, तरी या पदावरून भिंती कोठे होत्या याचा नकाशा काढता आला असता. आणि या स्वप्नात लाथ नाही.

सर्व माणसांच्या दिवास्वप्नांत ही दोन्ही स्वप्ने सरमिसळ झालेली असतात. समीक्षकाने ती वेगळी करावयाची असतात. त्यासाठी आधी ती वाचावी लागतात, आणि तेथेच आपण कमी पडलो.

सिग्मंड फ्रॉइडने १९०८ साली लेखक आणि दिवास्वप्न या विषयावर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. त्याचे म्हणणे असे की अतृप्त इच्छा हीच दिवास्वप्नामागची शक्ती. सुखी माणूस दिवास्वप्ने पाहत नाही. हे सांगताना त्याने एक उदाहरण दिले आहे, ते आपल्या कामाचे आहे. एक गरीब, अनाथ तरुण आहे. त्याला कोणीतरी एका मालकाचा पत्ता दिला आहे, तेथे काम मिळण्याची शक्यता आहे. वाटेने जाताना तो कल्पना करतो : काम मिळाले, मालकाची मर्जी बसली, आपल्यावाचून धंद्याचे पान हलेना, मालकाने घरात घेतले, त्याच्या सुंदर मुलीशी लग्न झाले, आणि शेवटी धंदाच आपल्याकडे आला. व्हिएन्नाच्या त्या अनाथ पोराचे दुःख मी कमी लेखत नाही. पण त्याचे स्वप्न किती सरळ चालते पहा! नोकरीपासून माजघरापर्यंत मध्ये एकही कुलूप नाही. मालकाच्या मुलीशी लग्न झाल्यावर गावात काय होईल, ही शंका त्याच्या स्वप्नाला शिवत नाही.

बाबुराव बागूलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा (याच नावाचा संग्रह १९६३ साली आला) या निबंधाच्या शेजारी ठेवून वाचावी. येथेही एक तरुण नोकरीवर निघाला आहे. रेल्वेतली नोकरी, परका मुलूख. त्याच्या मनातही नव्या जगाची मोठी कल्पना आहे. तो कवी आहे, तो देशाच्या भविष्याच्या गोष्टी बोलतो. पण त्याच्या स्वप्नाला पहिल्याच पायरीवर एक तजवीज करावी लागते. भाड्याची खोली हवी तर जात चोरावी लागते. त्याच्या बोलण्यावर, कवितेवर लोक लुब्ध होतात, त्याला घरात जेवायला बसवतात, आणि जात कळते तेव्हा तेच लोक मारतात. जात न लपविता रोज भांडत जगणारा काशीनाथ त्याला सोडवितो. या कथेवर आपण पुष्कळ बोललो. मार खाण्यावर बोललो, मनूवर बोललो. पण त्या तरुणाच्या स्वप्नाला आपण भाबडेपणा समजून बाजूला ठेवले. माझ्या मते कथेचा सांधा तेथेच आहे. फ्रॉइडचा तरुण आणि बागूलांचा तरुण यांच्या इच्छा जवळजवळ सारख्याच आहेत. फरक हा की एकाच्या स्वप्नाला फक्त पत्ता पुरतो, आणि दुसऱ्याला पत्त्याबरोबर खोटे मौन न्यावे लागते. दिवास्वप्न जेथे अशी तजवीज करते, जेथे वळसा घेते, नेमके तेथे समाजाची भिंत उभी असते.

कुमुद पावडे यांच्या 'अंतःस्फोट'मध्ये (१९८१) हीच भिंत स्त्रीच्या वाट्याला कशी येते ते आहे. संस्कृत शिकावे हे एका दलित मुलीचे स्वप्न. ते पुरे झाले, एम. ए. झाले. नोकरी मात्र सोमकुवर या माहेरच्या आडनावाला मिळाली नाही. आंतरजातीय विवाहानंतर पावडे या आडनावाला मिळाली. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. स्वप्न खरे झाले, पण दुसऱ्याच नावावर. याला समाधान म्हणावे काय?

मी ज्या भागात शिकवितो त्याविषयी आता लिहिले पाहिजे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे अशी आगगाडी सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी, १८५४ च्या मे महिन्यात, ती कल्याणपर्यंत आली. तेव्हापासून या रुळांवरून माणसे पोटासाठी जात आहेत. लोकलसारखी दिवास्वप्नाला सोयीची जागा दुसरी नाही. चौथ्या सीटवर अर्धे अंग टेकवून किंवा दांडीला लोंबकळून माणूस उभा असतो. करायला काही नसते, कोठे जाता येत नसते. माझे विद्यार्थी टिटवाळा, अंबरनाथ, उल्हासनगर, कोळसेवाडी, मुंब्रा अशा ठिकाणांहून येतात. पुष्कळजण घरात पदवीपर्यंत पोहोचणारे पहिलेच. सलग दोन वर्षे मी द्वितीय वर्षाच्या वर्गाला एकच काम दिले : मोबाईलची बॅटरी संपली आहे असे समजा आणि कल्याण-ठाणे प्रवासात मनात काय चालते ते एक पानभर लिहा. नाव लिहू नका. 'मी मुख्यमंत्री झालो तर' हा शालेय निबंध लिहून त्यांचा हात इतका घट्ट झाला होता की पहिल्या खेपेला बहुतेकांनी देशसेवाच लिहिली. ते कागद मी परत केले. दुसऱ्या खेपेला खरे आले.

एकाच्या स्वप्नात मुलाखत चालू आहे आणि पूर्ण नाव सांगितल्यावर समोरचे साहेब पुढचा प्रश्न विषयातलाच विचारतात. एवढेच. नोकरी मिळाली की नाही हेसुद्धा त्याने लिहिले नव्हते. एकाने लिहिले, तिकीट तपासनीस पास पाहून 'थँक यू सर' म्हणतो. एकाचे वडील बंद पडलेल्या कारखान्यातले. मुलाच्या स्वप्नात पहाटे भोंगा वाजतो आणि वडील आईला हाक मारून डबा मागतात. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीमागच्या वस्तीतल्या मुलीने लिहिले की नळ घरात आहे आणि शेजारीण विचारायला आली आहे, तुमच्याकडे पाणी आले का. सुखवस्तू घरातला एक मुलगा होता, तो मोटरसायकलवरून लडाखला गेला होता. त्याचे पान भाषेच्या दृष्टीने सर्वांत चांगले होते. डोंगर, वारा, एकान्त, सारे होते.

हे कागद मी अनेकदा वाचले. हळूहळू लक्षात आले की लडाखच्या स्वप्नात कोणी बोलत नाही. बाकीच्या बहुतेक स्वप्नांत कोणीतरी एक वाक्य बोलते, आणि त्या वाक्यासाठीच ते सारे स्वप्न रचलेले असते. 'या, बसा.' 'पाणी आले का?' 'थँक यू सर.' ही मालमत्तेची स्वप्ने नाहीत. टिंगल करणारे समजतात तसे बंगला-गाडीचे हे मांडे नाहीत. बंगला-गाडी असलीच तर नेपथ्यापुरती. दुसऱ्या माणसाने आपल्याशी साधे, सरळ, जातीची चाचपणी न करता बोलावे ही मागणी आहे. रविदासांच्या शहरातला शेजारी मित्र असतो, त्याचा अर्थ मला या वर्गात कळला.

प्रस्थापित मराठी साहित्याला असमाधान ठाऊक नाही असे नाही. उलट, त्याने असमाधानाचे फार लाड केले. केशवसुतांनंतरच्या कवितेत हुरहूर आली, अनामिक ओढ आली, अपूर्णतेची जाणीव आली. 'अनामिक' या शब्दावर आपली पाठ्यपुस्तके पोसली गेली. वि. स. खांडेकरांची 'ययाति' (१९५९) ही तर अतृप्तीचीच कादंबरी. पण ययातीची अतृप्ती ही भरल्या ताटावरची आहे. सर्व भोगूनही उरते ती. खांडेकरांनी ती तळमळीने रंगविली आणि आधुनिक माणसाला भोगापासून सावध केले. प्रश्न असा आहे की सावध कोणाला करायचे? ज्याच्या ताटात काही पडलेच नाही त्यालाही संयमाचा तोच पाठ? आपल्याकडची ओढ अनामिक नाही. तिला नावे आहेत : पाणी, जमीन, शाळा, खोली, आडनाव. डोंबिवली म्हटली की मराठी वाचकाला तेथे राहिलेले शं. ना. नवरे आणि पु. भा. भावे आठवतात, २०१७ साली नव्वदावे अखिल भारतीय संमेलनही तेथे भरले. त्या डोंबिवलीच्या मध्यमवर्गाची हुरहूर मराठी कथेत पुरेशी आली आहे. नळाचे स्वप्न पाहणारी मुलगीही त्याच पिनकोडातली आहे. ती अजून यायची आहे.

असमाधानाला पाप ठरविण्याची आपली परंपरा जुनी. मनाला उपदेश करण्यासाठी रामदासांनी दोनशे पाच श्लोक लिहिले. देवाने ठेवले तसे समाधानाने राहावे असे सांगणारा तुकोबांचा अभंग दुकानादुकानांतल्या भिंतींवर असतो. तुकोबांच्या गाथेत तळमळीचे, भांडणाचे, बेचैनीचे शेकडो अभंग असताना भिंतीसाठी नेमका हाच का निवडला जातो, हे काही गूढ नाही. चोखोबांचा मुलगा कर्ममेळा याने देवाला थेट जाब विचारला आहे. त्याचा अभंग मी कोणत्याही दुकानात पाहिलेला नाही.

आता हाच उपदेश विज्ञानाचा अंगरखा घालून आला आहे. २०१० साली हार्वर्ड विद्यापीठाच्या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक संशोधन प्रसिद्ध केले. २,२५० माणसांना मोबाईलवरून दिवसात अधूनमधून विचारले : आता काय करता आहात, मन कोठे आहे, कसे वाटते? सुमारे ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हते, आणि मन भटकलेले असताना माणसे कमी सुखी होती. भटकणे हे दुःखाचे कारण आहे, परिणाम नव्हे, असाही त्यांचा कल दिसतो. आकडे खोटे आहेत असे मी म्हणत नाही. पण ही माणसे कोण? त्या वेळी आयफोन बाळगणारी आणि बहुतांश अमेरिकेत राहणारी. तेथून जो निष्कर्ष निघाला तो व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांतून आमच्या विद्यार्थ्यांपर्यंत येतो तेव्हा त्याचे रूप असे होते : तुम्ही दुःखी आहात कारण तुमचे मन भटकते, वर्तमानात राहा. अहो, ज्याचा वर्तमान म्हणजे पहाटे तीनला येणारे पाणी, त्याने त्यातच मन लावून बसावे? माझ्या एका विद्यार्थ्याने असे शिबीर केले आणि परत येऊन मला विचारले, सर, माझ्यातच काही बिघाड आहे का. त्याची किंमत आपले विद्यार्थी मोजतात ती अशी. वस्तुतः याच शास्त्रात दुसरेही सांगितले आहे. जेरोम सिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६६ साली दिवास्वप्नावर पुस्तक लिहिले आणि पुढे अपराधी, भयभीत दिवास्वप्ने आणि आखणी करणारी, रचनाशील दिवास्वप्ने यांत फरक केला. २००१ साली मार्कस रेकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की माणूस स्वस्थ बसलेला असतानाही मेंदू स्वस्थ नसतो. त्या वेळी काम करणारे त्याचे एक ठरावीक जाळे असते. म्हणजे मन भटकणे हा बिघाड नव्हे, ती मनाची घडण आहे.

सर्वांत अवघड प्रश्न मात्र आपल्या घरातला आहे, आणि तो मी टाळणार नाही. आपण बौद्ध आहोत. तृष्णा हे दुःखाचे मूळ असे आपण ऐकतो. मग असमाधान ही तृष्णाच नव्हे काय? आमच्या कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या त्याच मार्गावर पुढे इगतपुरी आहे. तेथे १९७६ पासून विपश्यनेची शिबिरे भरतात आणि आपले पुष्कळ लोक तेथे जाऊन येतात. मन शांत होत असेल तर त्याला माझा विरोध असण्याचे कारण नाही. पण शांत झालेल्या मनाने आपल्या असमाधानाकडे अपराध म्हणून पाहावे काय, हा प्रश्न उरतो. बाबासाहेबांनी तो आपल्याआधीच ओळखला होता. 'द बुद्ध अँड हिज धम्म' हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली आला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी चार आर्यसत्यांविषयीच शंका उपस्थित केली आहे. जीवनच दुःख असेल तर माणसाला आशा उरत नाही. ही सत्ये मूळ उपदेशातली की नंतर भिक्खूंनी घातलेली, असे त्यांनी विचारले. आणि सिद्धार्थाचे गृहत्यागाचे कारण त्यांनी बदलले. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून राजपुत्र घर सोडतो ही कथा त्यांना पटली नाही. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोपर्यंत म्हातारा पाहिलाच नव्हता हे कसे मानायचे? त्यांच्या ग्रंथात शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा होतो, संघ युद्धाचा ठराव करतो, सिद्धार्थ विरोध करतो आणि देशत्याग पत्करतो.

हा बदल किती मोठा आहे! असमाधान शरीरातून काढून समाजात ठेवले आहे. जरा आणि मरण यांनी बेचैन होणारा माणूस स्वतःला बदलू पाहतो. पाण्याच्या तंट्याने बेचैन होणारा माणूस जगाच्या व्यवहाराचा विचार करू लागतो. २० मार्च १९२७ ला महाडच्या तळ्यावर ओंजळ भरणाऱ्या माणसाला बुद्धाच्या बेचैनीचे मूळ पाण्यात सापडावे, याला मी योगायोग म्हणणार नाही. तृष्णा आणि तहान हे एकाच मुळाचे शब्द. पण तहानलेल्याला तृष्णा सोड म्हणणे आणि तळे आवळून बसलेल्याला तृष्णा सोड म्हणणे यांत धम्म कोणता आणि अधम्म कोणता हे बाबासाहेबांच्या वाचकाला सांगावे लागू नये.

जर्मन तत्त्वज्ञ अर्न्स्ट ब्लॉख याने हिटलरच्या भीतीने देश सोडल्यावर अमेरिकेत आशेवर एक प्रचंड ग्रंथ लिहिला. तो १९५४ ते १९५९ च्या दरम्यान तीन खंडांत निघाला. रात्रीचे स्वप्न मागे पाहते, दिवसाचे पुढे पाहते, असे त्याचे फ्रॉइडला उत्तर होते. दिवसाचे स्वप्न दुसऱ्याला सांगता येते, त्यात दुसऱ्यालाही जागा असते. मार्क्सवाद्यांनी स्वप्नाची चेष्टा करणे थांबवावे असे तो आपल्याच लोकांना सांगत होता. मला आपल्या लोकांना तेच सांगायचे आहे. मात्र ब्लॉख जरा जास्तच उदार आहे. त्याला जाहिरातीतही आशा दिसते. आमच्या भागात राहून तितके उदार होता येत नाही. १९६९ साली राज्य शासनाने लॉटरी सुरू केली, तेव्हापासून स्टेशनाबाहेर स्वप्न तिकिटावर मिळते. शिळफाट्याच्या आणि घोडबंदरच्या रस्त्यांवर मोठमोठ्या फलकांतून पोहण्याचे तलाव दाखविले जातात, आणि वीस वर्षांच्या हप्त्यांवर माणूस ते स्वप्न विकत घेतो. स्पर्धा परीक्षेच्या क्लासच्या भिंतीवर यशस्वी उमेदवारांचे फोटो असतात. न झालेल्यांचा फोटो लावायला भिंत पुरली नसती. विकले जाणारे स्वप्न ओळखण्याची एक खूण आहे. त्यात तुम्ही एकटेच वर जाता. ते स्वभावकृपणाचे मडके आहे.

आणि घर झाल्यावर काय होते तेही आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. माझ्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिला. वडिलांचे स्वप्न पक्क्या भिंतींचे होते, ते मी कर्ज काढून पुरे केले. ज्या इमारतीत राहतो तेथे पहिल्या वर्षी मी कोणत्या गावचा हे चार जणांनी विचारले. गावावरून कळेना तेव्हा कुलदैवत विचारले. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आहे हे कळल्यावर प्रश्न थांबले आणि येणेजाणेही थांबले. भांडण नाही, अपमान नाही, सोसायटीच्या सभेत सर्व जण 'सर' म्हणतात. घर मिळाले, शेजार मिळाला नाही. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) दगडू मारुती पवार हा दया पवारला आपली कहाणी सांगतो. एकाच माणसाचे दोन भाग समोरासमोर बसलेले आहेत. या रचनेला काहींनी तंत्र म्हटले. पांढरपेशा झालेल्या माणसाच्या असमाधानाची ती नेमकी जागा आहे : ज्याने स्वप्न पाहिले तो आणि ज्याला ते मिळाले तो, हे दोघे एकमेकांना ओळखत नाहीत. 'दलित ब्राह्मण' म्हणून या दुसऱ्याची टवाळी करणे सोपे आहे. त्याचे असमाधान कशाचे आहे हे विचारले तर कदाचित उत्तर तेच येईल जे वर्गातल्या पोराने लिहिले. कोणीतरी सरळ एक वाक्य बोलावे.

स्त्रियांविषयी वेगळे लिहिले पाहिजे, कारण त्यांचे कागद या हिशेबात सगळे बसत नाहीत. उल्हासनगरहून येणाऱ्या एका मुलीने लिहिले होते : घरात कोणी नाही, दाराला आतून कडी आहे, दुपार आहे आणि दोन तास मला कोणी हाक मारलेली नाही. मी काहीच करीत नाही. मुलग्यांच्या स्वप्नात कोणीतरी बोलावे म्हणून धडपड. हिच्या स्वप्नात सारे गप्प आहेत, हेच सुख. लडाखच्या मुलाचा एकान्त आणि हिचा एकान्त एक नव्हे. त्याला तो वाटेवर सापडतो, हिला कडी लावावी लागते. हिची भिंत घराच्या आत आहे आणि ती बांधणाऱ्यांत आपण आहोत. अशी आणखी काही पाने होती, बहुतेक मुलींची.

उर्मिला पवारांच्या 'आयदान'मध्ये (२००३) आई बांबूच्या टोपल्या विणीत असते. आपले लिहिणे आणि आईचे विणणे यांचे नाते लेखिकेने स्वतःच सांगितले आहे. आपण त्या विणण्याकडे श्रम म्हणून पाहिले, ते बरोबरच होते. पण विणताना हात गुंतलेले असतात, मन नसते. पुढच्या सत्रात हे पुस्तक मी वर्गाला लावले आहे. मुलींना सांगितले आहे की आई विणीत असताना तिचे मन कोठे गेले असेल, याचा मागमूस पुस्तकात ज्या ज्या पानावर लागेल तेथे पेन्सिलीने खूण करून आणा.